टिकलो तरी पुरे

खालच्या विभागातून नुकत्याच वर आलेल्या फुटबॉल क्लबच्या चाहत्याला मोसमाच्या सुरुवातीला विचारावे, यंदा काय अपेक्षा? तो बहुधा एकच उत्तर देतो : टिकलो तरी पुरे. या साध्या उत्तरात एक करार गृहीत धरलेला असतो. टिकणे न टिकणे मैदानावर ठरेल, मिळवलेल्या गुणांवर ठरेल, असा तो करार. तो कसा झाला आणि आपल्या देशात कितपत पाळला गेला, हे मी गेली काही वर्षे जुन्या मोसमांचे गुणतक्ते पुढ्यात घेऊन पाहतो आहे. त्यातला सर्वांत बोलका तक्ता मिझोरामच्या ऐजॉल एफसीचा. मात्र त्याआधी थोडे इंग्लंडमध्ये जावे लागेल, कारण करार तिथला आहे.

तिथली फुटबॉल लीग १८८८ साली १२ क्लबांनिशी सुरू झाली. १८९२ मध्ये दुसरा विभाग आला आणि कोण वर जाणार, कोण खाली येणार हे ठरवण्यासाठी मोसमाअखेर ‘कसोटी सामने’ भरू लागले. वरच्या विभागातले तळाचे क्लब आणि खालच्या विभागातले पहिले क्लब एकमेकांशी भिडत. एप्रिल १८९८ मध्ये स्टोक आणि बर्नली समोरासमोर आले तेव्हा गणित असे जुळले होते की बरोबरी झाली तर दोघांचेही भागत होते. मग दोन्ही संघांनी गोल न करण्याचा जणू विडाच उचलला. सामना ०-० सुटला. चिडलेल्या प्रेक्षकांनी आपल्यात येऊन पडलेला चेंडू परत द्यायचे नाकारले, असे सांगतात. चाहत्यांनी न्याय मागण्याचा हा प्रकार मला फार आवडतो. पुढच्या मोसमापासून कसोटी सामने बंद झाले आणि थेट नियम आला : वरचे तळाचे दोन खाली, खालचे पहिले दोन वर. वाटाघाट नाही, शिफारस नाही.

या नियमाने चाहत्यांच्या आशेला आकडा दिला. प्रीमियर लीगमध्ये आज तो ४० आहे. ३८ सामन्यांत ४० गुण झाले की सुटलो, ही तिथली लोकश्रद्धा. श्रद्धाच म्हणायची, कारण २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला. उलट टोकाला डर्बी काउंटी : २००७ मध्ये वर आला आणि अख्ख्या मोसमात एक विजय, ११ गुण घेऊन परतला. २०२३-२४ मध्ये नव्याने वर आलेले तिन्ही क्लब खाली गेले, २०२४-२५ मध्येही तिन्ही गेले. श्रीमंत आणि गरीब क्लबांमधली दरी एवढी रुंदावली आहे की ‘टिकलो तरी पुरे’ ही आता किमान अपेक्षा उरलेली नाही, ती महत्त्वाकांक्षा झाली आहे.

तरीही चाहत्याच्या मनाच्या कोपऱ्यात नॉटिंगहॅम फॉरेस्ट दडलेला असतो. हा क्लब १९७७ मध्ये दुसऱ्या विभागात तिसरा येऊन कसाबसा वर चढला. ब्रायन क्लफ आणि पीटर टेलर या जोडीने पुढच्याच मोसमात त्याला विजेतेपद मिळवून दिले, लिव्हरपूलपेक्षा सात गुण जास्त घेऊन. त्यानंतर १९७९ आणि १९८० असे सलग दोनदा युरोपियन कप. आल्फ रॅम्झी यांच्या इप्सविचने १९६१-६२ मध्ये, तर ओटो रेहागेल यांच्या कायझरस्लाउटर्नने जर्मनीत १९९७-९८ मध्ये वर येताच विजेतेपद पटकावले होते. अशी उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, पण आशेला तेवढी पुरतात.

आता भारत. राष्ट्रीय फुटबॉल लीग १९९६ मध्ये सुरू झाली आणि २००७ मध्ये तिची आय-लीग झाली. शिडी कागदावर होती : दुसरा विभाग जिंका, वर या, तळाला गेलात तर खाली जा. पण या शिडीला बाजूने आणखी एक दार होते. मोठ्या शहरांत फुटबॉल पोचावा म्हणून महासंघ उद्योगसमूहांना थेट प्रवेश देत असे आणि अशा नव्या क्लबला सुरुवातीच्या काळात पदावनतीपासून अभय असे. हेतू वाईट नव्हता. बंगळुरू एफसी २०१३ मध्ये याच दाराने आला आणि पहिल्याच मोसमात विजेता ठरला. मात्र अभय मिळालेला संघ तळाला गेला, तर त्याच्या वरच्याला त्याचे प्रायश्चित्त घ्यावे लागे. २०१४-१५ मध्ये पुण्याचा भारत एफसी अखेरचा आला आणि खाली गेला तो त्याच्या वर असलेला गोव्याचा धेंपो. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो!

त्याच मोसमात शिलाँगचा रॉयल वाहिंगडोह नव्याने वर आला होता. त्याने थेट तिसरा क्रमांक मिळवला. अशा कामगिरीनंतर चाहत्यांनी पुढच्या वर्षी काय मागावे? विजेतेपदच. पण पुढचे वर्ष आलेच नाही, क्लबने लीगमधून अंग काढून घेतले. पुणे एफसी आणि भारत एफसी हेही त्याच उन्हाळ्यात गेले.

अशा मोडक्या शिडीवर २०१५ मध्ये ऐजॉल चढला. क्लब १९८४ चा. तेव्हा मिझोराम केंद्रशासित प्रदेश होता, शांतता करार व्हायला दोन वर्षे होती आणि राज्याचा दर्जा मिळायला तीन. २०११ च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या जेमतेम ११ लाख. डोंगराच्या कण्यावर वसलेल्या राजधानीत सपाट जागा मिळणे दुर्मीळ, त्यामुळे तिथे मैदान म्हणजे चैनच. तरी फुटबॉल घरोघरी. अडचण एवढीच की चांगला मिझो खेळाडू घरी राहत नसे. शायलो मालसॉमट्लुआंगा ईस्ट बंगालचा तारा झाला. जेजे लालपेखलुआ पुणे एफसी, धेंपो असे करत मोहन बागानला पोचला. मिझोराम प्रीमियर लीग २०१२ मध्ये सुरू झाली, २०१४ मध्ये राज्याने संतोष करंडक जिंकला आणि मग ऐजॉलने दुसरा विभाग जिंकून आय-लीग गाठली. या लीगमधला तो पहिला मिझो क्लब. आपली मुले कोलकात्याला जातात, आता कोलकात्याने आपल्याकडे यावे, हा त्या पहिल्या मोसमाचा अर्थ मला तरी दिसतो. गुणांचा हिशेब त्यानंतरचा.

तो हिशेब मात्र फसला, आणि फसला तोही विचित्र रीतीने. २०१५-१६ मध्ये नऊ संघ होते. ऐजॉल आठवा आला, पुण्याचा डीएसके शिवाजियन्स नववा. शिवाजियन्स थेट प्रवेशाचा, म्हणून त्याला अभय. आठवा ऐजॉल खाली. पुण्यातल्या फुटबॉलप्रेमींना या निकालाचे फारसे काही वाटल्याचे मला आठवत नाही. वाटायला हवे होते, कारण आपल्या शहराच्या संघाचे टिकणे दुसऱ्याच्या खात्यातून वळते झाले होते. जखमेवर मीठ म्हणजे, पदावनत झालेला हाच ऐजॉल मे महिन्यात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात पोचला. तिथे बागानने ५-० असा फडशा पाडला आणि त्यातले दोन गोल मिझोरामच्याच जेजेचे होते.

पुढे जे झाले त्यात गोव्याचा वाटा आहे. महासंघाच्या नव्या आराखड्यात इंडियन सुपर लीग वर आणि आय-लीग तिच्या खाली जाणार अशी चिन्हे दिसू लागली. त्याला कंटाळून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी २०१६ मध्ये आय-लीग सोडली. धेंपो तर त्या वर्षी दुसरा विभाग जिंकून पुन्हा वर आला होता. त्यानेही वर जायला नकार दिला. बढती मिळवायची आणि तो मोसम खेळायचाच नाही! फातोर्ड्याच्या स्टेडियमवर ज्यांनी हे क्लब पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, त्यांचे त्यात काय गेले हे गोव्याबाहेरच्यांना सांगून कळणार नाही. जागा रिकाम्या झाल्या, लीग चालवायची तर संघ हवेत, म्हणून महासंघाने ऐजॉलला पुन्हा वर घेतले.

ऐजॉलला तेव्हा ‘भारताचे लेस्टर’ म्हटले गेले. ही तुलना मला पटत नाही. लेस्टर २०१४ मध्ये वर आला आणि पहिल्या मोसमात नाताळाला तळाशी होता. तरी अखेरच्या नऊपैकी सात सामने जिंकून तो स्वतःच्या पायांवर टिकला आणि मग २०१६ चा विजेता झाला. ऐजॉलला हा हक्क मिळाला नव्हता. त्याला नियमाने बुडवले आणि दुसऱ्यांच्या रागाने तारले. अशा संघाच्या चाहत्याने अपेक्षा कशावर बांधावी?

प्रशिक्षक म्हणून आले खालिद जमील. मुंबई एफसीवर त्यांनी सुमारे सात वर्षे काढली होती, तुटपुंज्या साधनांत संघ दरवर्षी वरच्या विभागात राखला होता आणि २०१६ मध्ये त्यांना नारळ मिळाला होता. टिकून राहण्याची विद्या त्यांच्याइतकी देशात कोणाला अवगत नसावी. त्यांच्या मागोमाग मुंबईकडून आशुतोष मेहता आले, मुंबईकर जयेश राणे होते, गोलरक्षक गोव्याचा आल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, बाकी बहुतेक घरची मुले. त्या वेळच्या बातम्यांत क्लबचा खर्च दोन कोटींच्या आसपास सांगितला जाई.

दहा संघ, १८ सामने. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐजॉलच्या राजीव गांधी स्टेडियमवर बागान आला तेव्हा दोघांचे ३३ गुण होते. कोलकाता खरोखरच दारात आले होते, आणि तेही विजेतेपदाचा फैसला करायला. ८३ व्या मिनिटाला झोमिंगलियाना राल्तेने डोक्याने चेंडू जाळ्यात टाकला. १-०. आता शिलाँगमध्ये लाजाँगविरुद्ध एक गुण मिळाला की झाले.

तो दिवस ३० एप्रिल, रविवार. मिझोराममध्ये रविवार चर्चचा, त्या दिवशी बाजारही बंद असतो. शेकडो किलोमीटरचा डोंगरी रस्ता कापून चाहते शिलाँगला पोचले होते. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडाने गोल केला. तिकडे बागान चेन्नई सिटीवर विजयाच्या वाटेवर होता, म्हणजे हाच निकाल राहिला तर सारे संपले असते. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेला वेळ ऐजॉलने जमील यांची जुनी विद्या वापरून काढला. ऐजॉल ३७, बागान ३६. ईशान्येकडे आलेले हे पहिले राष्ट्रीय विजेतेपद.

त्याच तक्त्याच्या तळाला, दहाव्या स्थानी, मुंबई एफसी होता. ज्या प्रशिक्षकाला नारळ दिला त्याच्याशिवायचा पहिलाच मोसम. पदावनत झाला आणि पुढे बंदच पडला.

आणि विजेत्याचे काय? मे २०१७ मध्ये क्लबचे मालक रॉबर्ट रोमाविया रॉयटे यांना उपोषणाचा इशारा द्यावा लागला. मागणी एवढीच, की विजेत्या क्लबला देशाच्या सर्वोच्च लीगमध्ये राहू द्या. सुपर लीगमध्ये बढती नव्हती, पदावनतीही नव्हती, जागा पैशाने मिळत होती. अखेर दोन्ही लीग समांतर चालवण्याची तडजोड निघाली. आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये जाण्याची वाट २०२३ मध्ये पंजाबच्या क्लबने पहिल्यांदा तुडवली. ऐजॉलच्या विजेतेपदानंतर सहा वर्षांनी.

दरम्यान तो संघ पांगला. जमील आणि अल अमना ईस्ट बंगालला गेले. राणे, मेहता आणि गोम्स यांनी सुपर लीगची वाट धरली, लालरुआत्थारा केरळला गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जमील भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. आणि ऐजॉल? विजेतेपदाच्या बळावर त्यांना आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत एक सामना मिळाला. जानेवारी २०१८ मध्ये तो क्लब इराणला गेला आणि झोब आहनकडून ३-१ असा हरला. शिलाँगला त्या रविवारी खेळलेल्यांपैकी फार थोडे त्याच्याबरोबर होते.