नळी कोणाच्या हाती?

बेशुद्ध पडलेला माणूस पुष्कळदा मूळ दुखण्याच्या आधी घसा बंद झाल्याने दगावतो. जीभ मागे पडते, उलटी किंवा रक्त घशात साचते, आणि मेंदूला ऑक्सिजन मिळेनासा झाला की काही मिनिटांतच भरून न येणारी हानी सुरू होते. इस्पितळ त्याहून लांब असते. म्हणून श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचे काम रस्त्यावर, अँब्युलन्सच्या माणसांनीच करायचे, ही कल्पना आज आपल्याला स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ती जेमतेम साठ वर्षांची आहे. या काळात वाद झाले ते मुख्यतः साधनांवरून: मास्क बरा, की थेट श्वासनळीत घातलेली नळी बरी? हा इतिहास मात्र वेगळाच निकाल देतो. जीव वाचणे-न वाचणे साधनापेक्षा दोन गोष्टींवर जास्त अवलंबून राहिले आहे: ते वापरणारा हात किती सरावाचा, आणि चूक झाल्यास ती तिथल्या तिथे कळण्याची सोय होती का.

सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये झाली. 1950च्या दशकात बुडालेल्या माणसाला पालथे घालून, पाठ दाबून, दंड उचलून श्वास देण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जात होती. मूळचे व्हिएन्नाचे भूलतज्ज्ञ पीटर सफार यांनी तिची परीक्षा घेतली. स्वेच्छेने आलेल्या लोकांना झोपेचे औषध आणि क्युरारे देऊन त्यांनी त्यांचे स्नायू पूर्ण लुळे केले, म्हणजे स्वतःहून श्वास घेणे अशक्यच. मग एकेक पद्धत वापरून छातीत हवा किती जाते हे मोजले. पाठ दाबण्याच्या पद्धतीत घसाच बंद असल्याने अनेकदा हवा आत जातच नव्हती. डोके मागे झुकवून, हनुवटी उचलून तोंडाने श्वास दिला की छाती वर येई; आणि हे वैद्यकाचा गंध नसलेली माणसेही करू शकत होती. 1958 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्वासमार्गाचे ज्ञान डॉक्टरांच्या कोटापुरते मर्यादित नाही, हे प्रयोगाने सिद्ध झाले होते.

त्याची खरी कसोटी लागली पिट्सबर्गमध्ये. तिथे रुग्णाला इस्पितळात पोहोचवण्याचे काम पोलिसांच्या गाडीकडे असे, आणि वाटेत त्याच्या श्वासाकडे बघणारे बहुधा कोणी नसे. 1967 मध्ये सफार यांच्या पुढाकाराने, फॉक फंड या दानसंस्थेच्या मदतीने, हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ‘फ्रीडम हाऊस’ अँब्युलन्स सेवा उभी राहिली. भरती झालेल्यांपैकी अनेक जण बेरोजगार होते, काहींचे शालेय शिक्षणही अर्धवट होते. त्यांना सुमारे 300 तासांचे प्रशिक्षण मिळाले. पुढे 1970च्या दशकाच्या मध्यावर डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी सूत्रे हाती घेतल्यावर ते आणखी कसून होऊ लागले. त्या स्वतः अँब्युलन्समधून फिरत आणि केलेल्या कामाची झाडाझडती घेत. ही माणसे रस्त्यावर श्वासनळीत नळी घालू लागली, तेव्हा पदवीवाचून हे जमणार नाही हा आक्षेप निकालात निघाला. तरीही 1975 मध्ये शहराने ही सेवा बंद करून स्वतःची सुरू केली आणि फ्रीडम हाऊसच्या बहुतेक अनुभवी लोकांना तिथे टिकू दिले नाही. नळी घालण्याचे कौशल्य देशभर पसरले. त्यामागची शिस्त त्याच वेगाने पसरली नाही.

त्याची किंमत आकड्यांत दिसली. 2000 मध्ये लॉस एंजेलिस परिसरातल्या 830 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मास्क-पिशवीने श्वास दिलेल्यांपैकी 30 टक्के जगली, नळीची योजना असलेल्यांपैकी 26 टक्के. म्हणजे नळीने काही जास्तीचे पदरात पडले नाही. पुढच्याच वर्षी ऑर्लँडोचा अहवाल आला: इस्पितळात पोहोचलेल्या 108 रुग्णांपैकी 27 जणांची नळी चुकीच्या जागी होती, आणि त्यांतल्या 18 जणांची तर अन्ननळीत. फुप्फुसात जायची हवा पोटात चालली होती आणि गाडीतल्या कोणाच्या ते लक्षात आले नव्हते. सॅन दिएगोत डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना औषधाने लुळे करून नळी घालण्याचा प्रयोग झाला. त्यात 33 टक्के दगावले, तर तशाच इतर जखमींत हे प्रमाण 24 टक्के होते. नळी घालताना ऑक्सिजन घसरत होता, आणि नंतर पिशवी गरजेपेक्षा भराभर दाबली जात होती.

मग रस्त्यावर नळी घालणे बंदच करावे, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांना उत्तर खुद्द ऑर्लँडोनेच दिले. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड सतत दाखवणारे कॅप्नोग्राफ हे यंत्र जिथे वापरले, तिथे लक्षात न आलेली एकही चुकीची नळी सापडली नाही. जिथे वापरले नाही, तिथे जवळजवळ चौथा हिस्सा चुकला होता. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात खास शिकवलेल्या पॅरामेडिकनी डोक्याला गंभीर मार लागलेल्यांना औषध देऊन रस्त्यावरच नळी घातली, तेव्हा सहा महिन्यांनंतर चांगल्या अवस्थेत असलेले 51 टक्के होते. इस्पितळात नेऊन नळी घातलेल्यांत 39 टक्के. दुसरा आक्षेप असा, की भूलतज्ज्ञ आर्ची ब्रेन यांच्या लॅरिंजियल मास्कपासून पुढे घशात नुसती सरकवायची सोपी साधने आली आहेत, मग नळी हवीच कशाला? हृदय बंद पडलेल्यांपुरते हे बरेचसे पटते. 2018 मध्ये इंग्लंडमधल्या 9,296 रुग्णांच्या चाचणीत आय-जेल हे असेच एक साधन आणि नळी यांच्या निकालांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पण भाजून घसा सुजलेल्या किंवा तोंड रक्ताने भरलेल्या रुग्णाला ही साधने अपुरी पडू शकतात. असे रुग्ण थोडे असतात, म्हणूनच सराव कमी होतो, आणि नेमके तिथेच कसब पणाला लागते.

महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 सेवेच्या गाड्यांत डॉक्टर असतो, म्हणून हा प्रश्न आपल्यापुरता मिटला असे कोणी म्हणेल. पण पदवी एकदाच मिळते, हाताचा सराव मात्र सतत राखावा लागतो. फ्रीडम हाऊसची माणसे पदवीशिवाय हे काम करू शकली, ती सरावाच्या आणि झाडाझडतीच्या जोरावर. म्हणून आपल्या गाड्यांचा हिशेब मागताना त्यांची संख्या विचारून थांबू नये. दर नळीमागे कॅप्नोग्राफ लावला का, ती घालणाऱ्याने गेल्या वर्षात किती वेळा हे काम केले, आणि प्रत्येक प्रयत्नाची नोंद कोणी तपासली, हे तीन प्रश्न नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारलेच पाहिजेत.