नाव कुणाचं, वाटा किती? संशोधनातल्या लेखकत्वाच्या मोजमापाचा इतिहास

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. शोधनिबंधावर नावं छापलेली असतात. त्यातल्या कुणाला किती श्रेय द्यायचं, आणि ते मोजायचं कसं?

आपल्याकडे महाविद्यालयांत शिकवणाऱ्या मंडळींना हा प्रश्न नवा नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, एपीआय नावाची गुणपद्धत आणली. तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात निबंध आला की १५ गुण. आणि लेखक एकाहून जास्त असले तर? पहिला लेखक आणि पत्रव्यवहार सांभाळणारा लेखक किंवा मार्गदर्शक यांच्यात ६० टक्के, आणि उरलेल्या सगळ्यांत मिळून ४० टक्के. म्हणजे पाच जणांचा निबंध असेल, तर पुढच्या दोघांना साडेचार-साडेचार गुण आणि मागच्या तिघांना दोन-दोन. बेरीज बरोबर १५. वाटणीपत्रच म्हणा ना!

२०१८च्या नियमावलीत हे बदललं. दोन लेखक असतील तर प्रत्येकी ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि सहलेखकांना प्रत्येकी ३०. आता बेरीज करून पाहा. दोघांनी मिळून लिहिलं की एका निबंधाचे १४० टक्के होतात. पाच जणांचा असेल तर १९०. आणि तीन लेखक असताना चौथं नाव घातलं, तर आधीच्या कुणाचाही एक गुणसुद्धा कमी होत नाही. मग नाव घालायला कोण नाही म्हणेल?

मी हे आयोगाला दोष द्यायला सांगत नाही. मला विचारायचंय ते वेगळंच. निबंधावरच्या नावांची अशी टक्केवारीत वाटणी करता येते, ही कल्पना आली कुठून? कारण निबंधावर नाव घालायला सुरुवात झाली, तेव्हा त्या नावाचं काम वाटणीचं नव्हतंच.

आपण सतराव्या शतकातल्या लंडनला जाऊ. १६६५ साली हेन्री ओल्डेनबर्गने 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केलं. शोध आधी कुणी लावला, याचा छापील पुरावा त्यातून मिळू लागला. त्याच काळातला मोठा माणूस म्हणजे रॉबर्ट बॉइल. हवेच्या दाबावरचे त्याचे प्रयोग आपण शाळेत शिकतो. पण ते प्रयोग ज्या पंपावर झाले, तो त्याच्यासाठी उभा करून दिला रॉबर्ट हूकने. पुढे डेनिस पापँ नावाचा फ्रेंच तरुण बॉइलकडे कामाला आला. प्रयोग त्याने केले, नोंदी त्याने लिहिल्या. बॉइलने हे प्रस्तावनेत मोकळेपणाने सांगितलंही. पण पुस्तक आलं ते बॉइलच्या नावावर.

आज आपण याला सरळ अन्याय म्हणू, आणि त्यात अन्याय होताच. पण त्या काळाचं गणित समजून घ्या. आपल्याकडे हुंडी लिहायचा मुनीम, सही करायचा शेठ. हुंडी चालायची ती सहीवर, कारण पैसे बुडाले तर दारात उभं राहायचं ते शेठच्या. बॉइलचं नाव हे तशा सहीसारखं होतं. "हे असं घडलं, आणि मी त्याला जामीन आहे," असा त्याचा अर्थ. कष्ट कुणी केले याची ती नोंद नव्हती. म्हणजे नावात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या होत्या: श्रेय आणि जबाबदारी. पुढचा सगळा इतिहास या दोन गोष्टींची गाठ सुटत गेल्याचा आहे, असं मला वाटतं.

गाठ सुटायला लागली ती मोजणी सुरू झाल्यावर. १९२६ साली आल्फ्रेड लोटका या संख्याशास्त्रज्ञाने एक छोटा निबंध लिहिला. हा माणूस नोकरीला होता एका विमा कंपनीत. त्याचा प्रश्न होता, कोणता शास्त्रज्ञ किती निबंध लिहितो? त्याने रसायनशास्त्रातल्या निबंधांची १९०७ ते १९१६ची सूची घेतली आणि त्यातली आडनावं मोजली. सगळी नाही, फक्त 'ए' आणि 'बी' या अक्षरांची. त्यातून त्याला एक नियम सापडला. एकच निबंध लिहिणारे पुष्कळ, दोन लिहिणारे त्यांच्या सुमारे एक चतुर्थांश, तीन लिहिणारे एक नवमांश, असा. हा लोटकाचा नियम आजही ग्रंथालयशास्त्रात शिकवतात.

पण या मोजणीत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. दोघांनी मिळून लिहिलेला निबंध कुणाच्या खात्यात टाकायचा? लोटकाने ठरवलं, की तो फक्त ज्येष्ठ लेखकाच्या खात्यात टाकायचा. दुसऱ्याची नोंदच नाही. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्या काळी रसायनशास्त्रातले ८० टक्क्यांच्या आसपास निबंध एकट्याने लिहिलेले असत, त्यामुळे फरक फारसा पडत नव्हता. मोजणाऱ्याची सोय झाली, इतकंच.

हीच गोष्ट पुन्हा घडली, आणि या वेळी परिणाम मोठा झाला. युजीन गारफील्ड यांनी १९५५ साली एक कल्पना मांडली. प्रत्येक निबंधाच्या शेवटी आधीच्या निबंधांचे संदर्भ असतात. ते सगळे उलटे लावले, तर कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी केला हे शोधता येईल. १९६४पासून त्यांची 'सायन्स सायटेशन इंडेक्स' ही सूची नियमित निघू लागली. वाचकाने योग्य निबंधापर्यंत पोहोचावं, हा मूळ हेतू. पण हजारो पानांच्या त्या छापील जाड खंडांमध्ये उल्लेखिलेला निबंध लावला जाई तो फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली. जागा वाचवायची होती. लवकरच समाजशास्त्रज्ञांनी आणि मग समित्यांनी या सूचीतून माणसांचं मोल काढायला सुरुवात केली. आता तुम्ही आयुष्यभर दुसऱ्या क्रमांकावर असाल, तर त्या खंडात तुमच्या नावापुढे काय दिसणार? काहीच नाही.

मोजणाऱ्याने आपल्या सोयीसाठी घेतलेला निर्णय काही वर्षांनी मोजल्या जाणाऱ्यांसाठी नियम होऊन बसतो. हे आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल.

आता कुणी म्हणेल, मग सगळ्या नावांना सारखं मोजा. डेरेक द सोला प्राइस या इतिहासकाराने १९८१ साली नेमकं हेच सुचवलं. उलट पुरावा नसेल, तर श्रेयाचे समान भाग करा. हिशोब म्हणून चोख आहे. पण श्रेय वाचकाच्या डोक्यात असं समान वाटलं जात नाही.

१९४८चं उदाहरण घ्या. विश्वाच्या सुरुवातीला मूलद्रव्यं कशी बनली, यावरचा एक गाजलेला निबंध. काम मुख्यतः राल्फ आल्फर या पीएचडीच्या विद्यार्थ्याचं, मार्गदर्शक जॉर्ज गॅमो. गॅमो विनोदी माणूस. आल्फर, गॅमो ही नावं ग्रीक वर्णमालेतल्या अल्फा आणि गॅमासारखी वाटतात, मधला बीटा हवा, म्हणून त्याने आपला मित्र हान्स बेथे याचं नाव मध्ये घातलं. बेथेचा त्या कामात काहीही वाटा नव्हता. निबंध छापून आला १ एप्रिलला. लोक हसले. आल्फरला मात्र हसू येईना. नाव त्याचं पहिलं होतं, पण दोन नामवंतांच्या शेजारी आपल्याला कोण विचारणार, ही त्याची भीती होती. ती पुष्कळ अंशी खरीही ठरली.

या भीतीला शास्त्रीय नाव मिळालं १९६८ साली. रॉबर्ट मर्टन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 'मॅथ्यू परिणाम' मांडला. ज्याच्याकडे आधीच नाव आहे त्याच्याच पदरात आणखी श्रेय पडतं, आणि अनोळखी सहकाऱ्याचा वाटाही त्यातच ओढला जातो. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानातल्या एका वचनावरून हे नाव दिलं. निबंध अतिशय गाजला. पण त्याचा पाया काय होता? हॅरिएट झुकरमन या तरुण संशोधिकेने नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती. निबंधावर नाव एकट्या मर्टनचं. त्याने तळटिपांमध्ये तिच्या कामाचा उल्लेख केला होता. १९७३ साली तो निबंध पुस्तकात आला तेव्हा मर्टनने स्वतःच लिहिलं, की झुकरमनच्या सामग्रीवर आपण इतके अवलंबून होतो, की हा निबंध दोघांच्या नावाने यायला हवा होता. श्रेय चुकीच्या माणसाकडे कसं जातं, हे सांगणारा निबंधच त्याचं उदाहरण निघाला! १९९३ साली मार्गारेट रॉसिटर या इतिहासकार बाईंनी स्त्रियांच्या बाबतीत हे नेमाने घडतं असं दाखवून त्याला 'मटिल्डा परिणाम' म्हटलं, आणि त्यांच्या उदाहरणांत झुकरमनही होती.

इथपर्यंत आपण श्रेयाचं बोललो. जबाबदारीचं काय झालं?

१९८१ साली हार्वर्डमध्ये जॉन डार्सी हा हृदयरोगाचा तरुण संशोधक आकडे बनवताना पकडला गेला. त्याच्या निबंधांवर अनेक सहलेखक होते. वॉल्टर स्टुअर्ट आणि नेड फेडर या दोघांनी त्यातल्या ४७ सहलेखकांच्या निबंधांची छाननी केली. ती १९८७ साली छापून आली. त्यात एका कुटुंबाच्या वंशावळीचा मासला आहे. १७ वर्षांचा एक तरुण, त्याला ४ मुलं, आणि थोरलं मूल ८ वर्षांचं! हे सहलेखकांच्या नजरेतून सुटलं, परीक्षकांच्या नजरेतून सुटलं, छापूनही आलं. नावं सगळ्यांची होती. वाचलं किती जणांनी होतं? हुंडीवर सह्या भरपूर, पण पैसे मागायला गेलं तर एकही दार उघडेना.

याच सुमारास, १९८५ साली, वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखक कुणाला म्हणावं याचे निकष घालून दिले. कामात भरीव वाटा हवा, लेखनात किंवा त्याच्या दुरुस्तीत भाग हवा, अंतिम मसुद्याला संमती हवी. नुसता निधी आणला किंवा विभागप्रमुख आहे, म्हणून नाव घालायचं नाही. २०१३ साली चौथा निकष आला: या कामाबद्दल उत्तर द्यायला मी बांधील आहे. सतराव्या शतकातली ती सहीची कल्पना अशी परत आली.

तोवर भौतिकशास्त्र वेगळ्याच टोकाला पोहोचलं होतं. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर ३३ पानांचा एक निबंध आला. मजकूर आणि संदर्भ ९ पानांत संपले. उरलेली २४ पानं लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची. लेखक ५,१५४. नावं इंग्रजी वर्णानुक्रमाने. आता याला आपली ६०-४०ची वाटणी लावून पाहा! गणितातही नावं वर्णानुक्रमाने लावायची रीत जुनी आहे. तिथे 'पहिला लेखक' हा दर्जा आडनावाने ठरतो. आपटे नेहमी पहिले, झेंडे नेहमी शेवटचे.

म्हणून १९९७ साली ड्रमंड रेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलं, की लेखक हा शब्दच बाजूला ठेवा. सिनेमाच्या शेवटी छायाचित्रण कुणाचं, संकलन कुणाचं हे लिहितात, तसं इथेही कुणी काय केलं ते लिहा. त्यातून पुढे १४ कामांची एक यादी तयार झाली: कल्पना, पद्धत, प्रयोग, आकडेमोड, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. आज अनेक नियतकालिकं ती भरून मागतात.

ही यादी उत्तर आहे का? अर्धं. उद्या एखादी समिती म्हणेल, कल्पनेला २० गुण, देखरेखीला १५, आणि पुन्हा तोच खेळ सुरू होईल. यादी वाचायला केलेली आहे, बेरजेला नाही. सूचीसुद्धा वाचायलाच केली होती, हे विसरू नका.

हा प्रश्न फक्त हार्वर्डचा किंवा मोठ्या प्रयोगशाळांचा नाही. गावोगाव फिरून मुलाखती घेणारी, नमुने गोळा करणारी आपल्याकडची पीएचडीची विद्यार्थिनी निबंधावर तिसऱ्या क्रमांकावर आली, तर तिला गुण कमी मिळतात आणि मुलाखतीला बोलावणं येत नाही. तिचं पुढचं आयुष्य त्या क्रमावर अवलंबून असतं. म्हणून कामाला सुरुवात करतानाच मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांनी बसून ठरवावं, की कोण काय करणार आणि नावं कशी येणार. ते लिहून ठेवावं. काम बदललं तर पुन्हा बसावं. हे बोलणं विद्यार्थ्याने काढायचं नसतं, त्याला ते जड जातं. ते मार्गदर्शकाने काढावं. आणि निवड समितीत बसणाऱ्यांनी उमेदवाराला एकच साधा प्रश्न विचारावा: या निबंधातलं कोणतं काम तुम्ही केलंत, आणि त्यातल्या कशाबद्दल मी तुम्हाला जाब विचारू शकतो?

श्रेय आणि जबाबदारी, दोन्ही त्या एका उत्तरात कळतात. त्याला टक्केवारी लागत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.