वनस्पती व बागकामविषयक मराठी परिभाषा

वनस्पती व बागकामविषयक मराठी परिभाषा : वनस्पतींचे अवयव, त्यांचे जीवनव्यापार आणि लागवडीच्या क्रिया दर्शविणाऱ्या मराठी शब्दांचा समूह. संस्कृत शास्त्रग्रंथ, माळी व शेतकरी यांची बोली आणि आधुनिक काळात योजलेल्या संज्ञा या तीन स्रोतांतून तो घडला आहे.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात मूळ, खोड, पान, देठ, कळी इत्यादींसाठी वेगवेगळे शब्द आढळतात. वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहत्संहितेतील वृक्षायुर्वेद या अध्यायात एका झाडावर दुसऱ्याची फांदी बसविण्याची रीतही सांगितली आहे. या क्रियेला मराठीत रूढ झालेला ‘कलम’ हा शब्द मात्र मूळचा अरबी असून त्याचा अर्थ बोरू किंवा लेखणी असा आहे. ‘बाग’ व ‘गुलाब’ हे शब्द फार्सीतून, तर ‘बटाटा’, ‘अननस’ व ‘पपई’ हे पोर्तुगीजांच्या द्वारे मराठीत आले. वाफा, आळे, खुंट, डोळा, फुटवा, गुटी हे शब्द माळ्यांच्या व्यवहारातील आहेत.

जे. टी. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाने (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) यांतील अनेक शब्द नोंदविले. टी. कुक यांच्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील ग्रंथात (१९०१–०८) शास्त्रीय नावांबरोबर देशी नावेही दिलेली आहेत. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ मध्ये निघाला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने पुढे विषयवार परिभाषा कोश तयार केले.

नव्या संज्ञांची गरज नेहमीच्या शब्दांच्या ढोबळपणामुळे भासली. व्यवहारात जमिनीखालील कोणत्याही मांसल भागास ‘कंद’ म्हणतात. परिभाषेत आले व हळद यांना मूलक्षोड (जमिनीतील आडवे खोड), बटाट्यास ग्रंथिक्षोड, सुरणास दृढकंद आणि कांद्यास कंद म्हणतात. रताळे हे मूळच होय. हा भेद केवळ शाब्दिक नाही. बटाटा हे खोड असल्याने त्यावर डोळे असतात व डोळा असलेल्या फोडीपासून नवे झाड येते. रताळ्याची लागवड सामान्यतः वेलाच्या तुकड्यांनी करतात.

असेच उदाहरण पपईचे आहे. नंदुरबार जिल्ह्यातील (१९९८ पूर्वी धुळे जिल्हा) शहादा तालुका या पिकासाठी प्रसिद्ध आहे. गोमाई व तापी नद्यांच्या या परिसरात मराठीबरोबरच अहिराणी, गुजरी व भिल्ली बोली प्रचलित आहेत. पपईच्या जुन्या वाणांत नर व मादी फुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. अशा वाणास विभक्तलिंगी म्हणतात. नर फुले लांब, लोंबत्या फुलोऱ्यावर, तर मादी फुले पानाच्या बगलेत आखूड देठावर येतात. फुले येण्यापूर्वी हा भेद ओळखता येत नसल्याने एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून नंतर जादा नर झाडे काढतात, सु. १० मादी झाडांमागे एक नर झाड परागणासाठी राखतात. परसातील पपईचे नर झाड निकामी समजून तोडल्यास, जवळपास दुसरे नर झाड नसेल, तर मादी झाडास फळ धरणे कठीण होते. तैवान ७८६ या वाणात मादी व द्विलिंगी अशी दोन प्रकारची झाडे असतात. त्यामुळे स्वतंत्र नर झाड ठेवावे लागत नाही. द्विलिंगी झाडाचे फळ लांबट, तर मादी झाडाचे गोलसर असते. म्हणून ‘द्विलिंगी’ ही पाठ्यपुस्तकातील संज्ञा रोपे निवडणाऱ्याच्याही उपयोगाची ठरते.

संस्कृतोद्भव संज्ञा अर्थाने काटेकोर असल्या, तरी त्यांतील पुष्कळशा ग्रंथांतच राहिल्या. याउलट डोळा भरणे, दाब कलम, गुटी कलम, खुंट हे बोलीतील शब्द उद्यानविद्येच्या ग्रंथांनीही स्वीकारले. वनस्पतीच्या रचनेसाठी घडविलेली संज्ञा आणि हाताच्या कामासाठी माळ्याचा शब्द, अशी विभागणी त्यामुळे मराठीत स्थूलमानाने रूढ झाली आहे.