मिनरीज : सात फुटांच्या फळीवरचं उपनगर

रुळांवरची खेळण्यातली आगगाडी दोन पिढ्या गोल फिरत होती. ती कुठून येत नसे, कुठे जात नसे. किल्ली संपली की असेल तिथे थांबे. उपनगरी फाट्याचं शेवटचं स्टेशन फळीवर मांडायचं, वेळापत्रकाप्रमाणे तिथे गाडी आणायची, इंजिन बदलायचं आणि तिला परत धाडायचं, हा आजचा छंद त्याच गोल गाडीच्या पोटी जन्मला. पण त्याचं कूळ शोधायला बसलं की खेळणी बनवणाऱ्या कारखान्यांपेक्षा जास्त जवळचं नातं निघतं ते घरात जागा नसलेल्या माणसांशी, एका पाद्र्याशी आणि एका मासिकाच्या संपादकाशी.

सुरुवातीला मात्र कारखानाच आहे. जर्मनीतल्या ग्योपिंगेन गावात थिओडोर मेर्कलिन यांनी १८५९ मध्ये बाहुल्यांच्या स्वयंपाकघरासाठी पत्र्याची भांडी करायला घेतली. त्यांची पत्नी कारोलिन ती भांडी विकायला गावोगाव फिरे, आणि १८६६ मध्ये नवरा गेल्यावर धंदा तिनेच तगवला. बाहुलीच्या घराचं अर्थकारण या कुटुंबाला नेमकं कळलं होतं: घर एकदाच घेतलं जातं, पण त्यातल्या वस्तूंची मागणी दरवर्षी येते. पुढच्या पिढीने तेच तत्त्व आगगाडीला लावलं. १८९१ च्या लाइपझिगच्या जत्रेत मेर्कलिननी किल्लीची गाडी मांडली ती इंग्रजी आठच्या आकड्याच्या रुळांसह. रुळांची रुंदी ठरलेली, तिला क्रमांक दिलेला, आणि तुकड्याला तुकडा जोडता येईल अशी सोय. पुढच्या नाताळला रूळ बदलणारा सांधा घ्या, त्याच्या पुढच्याला स्टेशन.

त्याआधी इंग्लंडमध्ये स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी पितळी इंजिनं मिळत. त्यांना रूळच नसत. जमिनीवरून पाण्याचा माग काढत ती धावत, म्हणून त्यांना ‘बर्मिंगहॅम ड्रिबलर’ म्हणजे बर्मिंगहॅमची लाळगळी म्हणत. कुठला गालिचा कधी पेटेल याचा नेम नसे. मेर्कलिनच्या क्रमांकांनी या पोरखेळाला शिस्त लावली, आणि आज कुठल्याही दुकानात ‘ओ’ किंवा ‘एचओ’ म्हटलं की दुकानदाराला कळतं, त्याचं मूळ तिथे आहे.

इंग्लंडमध्ये ही शिस्त पुढे नेली नॉर्थम्पटनच्या डब्ल्यू. जे. बॅसेट-लोक यांनी. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांची न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीशी गाठ पडली. कारागिरी जर्मन, पण रंग आणि रूप अस्सल ब्रिटिश कंपन्यांच्या इंजिनांचं, असा सौदा जमला. याच बॅसेट-लोकच्या हातची एक गाडी आपल्या माणसांच्या घरी आली. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातली शिंदे सरकारांची चांदीची गाडी जेवणाच्या लांबलचक टेबलावर रूळ टाकून फिरते आणि पाहुण्यांपुढे ब्रँडी-सिगार आणून ठेवते, पंगतीत वाढपी फिरावा तशी. कारागिरी थक्क करणारी आहे. पण तीही गोलच फिरते. राजवाड्यात टेबल मोठं असतं, त्यामुळे गोल फिरण्याला तिथे कुणाची हरकत नव्हती.

हरकत आली ती लहान घरांमधून. ‘ओ’ मापाच्या रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. त्यावरचं सुसह्य वळण घ्यायचं तर अख्खी खोली, माळा किंवा बाग लागे. माप निम्म्यावर आणायचे प्रयत्न १९२० च्या दशकात सुरू झाले आणि १९३५ मध्ये ट्रिक्स आणि मेर्कलिन यांच्या विजेवरच्या टेबलगाड्यांनी ते रुळलं. हेच ‘एचओ’: रुळांची रुंदी १६.५ मिलिमीटर, प्रमाण १:८७. इथे इंग्रजांची एक गंमत झाली. त्यांच्या देशातले पूल आणि बोगदे जुने आणि अरुंद, त्यामुळे इंजिनंही अंगाने लहान. ती १:८७ मध्ये केली तर आत त्या काळची मोटर मावेना. मग त्यांनी इंजिनाचं अंग थोडं वाढवलं, एका फुटाला चार मिलिमीटर म्हणजे साधारण १:७६, आणि रूळ मात्र तेच १६.५ चे ठेवले. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने १९३८ मध्ये ‘हॉर्नबी डब्लो’ बाजारात आणली आणि ही तडजोड कायमची झाली. खरं तर त्या प्रमाणात रूळ १८.८३ मिलिमीटर रुंद हवेत. ब्रिटनमधली बहुतेक लघुरेल्वे आजही त्या मोजमापाने अरुंद रुळांवर चालते, आणि त्यावर भांडणारे लोक अजून भांडतात.

माप लहान झालं तरी गाडी गोलच राहिली असती. ती सरळ केली दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टंचाईने. घरं लहान, सामान महाग, आणि खोलीच्या मधोमध टेबल मांडायला बायकोची परवानगी नाही. भिंतीला लागून एक अरुंद फळी, एवढीच जागा उरली. फळीवर गाडी गोल कशी फिरणार? तिला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जावं लागलं, म्हणजे तिला एक गाव हवं झालं आणि एक ‘बाकीचं जग’.

गाव सोपं होतं. बाकीचं जग फळीच्या दुसऱ्या टोकाला पडद्याआड लपवलेल्या रुळांवर उभं राहिलं. त्याला फिडल यार्ड म्हणतात. प्रेक्षकाला ते दिसत नाही. तिथे गाडी पोचली की ती लंडनला गेली, असं समजायचं. मग हाताने डबे उचलायचे, इंजिन फिरवायचं, आणि तीच गाडी दुसऱ्या गाडीचं नाव घेऊन परत येते. या छंदाच्या इतिहासात इंजिनांची, मोटरींची फार वर्णनं होतात. माझ्या मते सगळ्यात मोठा शोध हा न दिसणारा यार्ड आहे, कारण गाडीला जायला ठिकाण दिलं ते त्याने.

पीटर डेनी नावाच्या पाद्र्यांनी १९४० च्या दशकात हाती घेतलेला ‘बकिंगहॅम’ लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेली रेल्वे, याचा उत्तम नमुना. ग्रेट सेंट्रल रेल्वेचा असा फाटा बकिंगहॅम गावाला कधी गेलाच नाही. डेनींनी तो गेल्याचं गृहीत धरलं आणि १९०७ साल गोठवून ठेवलं. सिग्नलच्या घंटांच्या भाषेत एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाशी बोले. दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा क्रिस्पिन असे. तो घराबाहेर पडल्यावर डेनींनी त्याच्या जागी घंटा ऐकून गाड्या सोडणारं यंत्र बनवलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’. मुलाची उणीव अशा तऱ्हेने भरून काढणारे वडील मी दुसरे पाहिले नाहीत.

एव्हाना फाट्याचा लेआउट म्हटला की डोळ्यांपुढे खेडं यायचं: दोन डब्यांची गाडी, एक इंजिन, दुधाचे कॅन, आणि दिवसभर शुकशुकाट. डेव्हनमधल्या ॲशबर्टन स्टेशनच्या किती प्रतिकृती झाल्या असतील कोण जाणे. दिसायला सुंदर, पण चालवणाऱ्याला दहा मिनिटांत जांभई येते. ज्याला गजबज हवी आणि जागा तेवढीच आहे, त्याने काय करावं? याचं उत्तर सिरिल फ्रीझर यांनी दिलं. ‘रेल्वे मॉडेलर’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते आणि शेकडो नकाशे त्यांनी काढले. १९५७ मध्ये त्यांनी छापलेला एक नकाशा त्या सगळ्यांना पुरून उरला. नाव ‘मिनरीज’.

नाव लंडनच्या टॉवरजवळच्या एका रस्त्याचं आहे. तिथे लंडन अँड ब्लॅकवॉल रेल्वेचं याच नावाचं स्टेशन १८४० मध्ये उघडलं आणि १८५३ मध्ये बंदही झालं. त्या मार्गावर सुरुवातीला इंजिनं नव्हती; एका जागी बसवलेल्या यंत्रांनी दोराने डबे ओढले जात. फ्रीझर यांचं मिनरीज मात्र काल्पनिक: तीन फलाट, दुहेरी मार्ग, सुमारे सात फूट लांब आणि फूटभर रुंद फळी. बाजूने उंच भिंत, वरून रस्त्याचा पूल, आणि पुलाखालून रूळ पडद्याआड. शहरात जागा नसते, त्यामुळे तिथलं स्टेशन खरोखरच खड्ड्यात, भिंतींमध्ये कोंबलेलं असतं. जे फळीवर मावत नाही ते शहरातही मावत नाही, हे फ्रीझर यांनी ओळखलं.

या नकाशाची खरी हुशारी स्टेशनच्या तोंडाशी आहे. तिन्ही फलाटांवर दोन्ही मार्गांवरून गाडी घेता यायला हवी, आणि तेही मोजक्या सांध्यांत. साधेपणाने सांधे जोडले तर डावं वळण संपताक्षणी उजवं सुरू होतं. खऱ्या रेल्वेत ते खपतं, कारण वळणं लांबलचक असतात. फळीवर त्याच जागी लागून असलेल्या दोन डब्यांची टोकं उलट दिशांना सरकतात, बफर एकमेकांत अडकतात आणि डबा रुळांवरून उतरतो. फ्रीझर यांनी सांधे असे तिरपे लावले की जवळजवळ कुठल्याच वाटेवर अशी उलटसुलट मुरड येत नाही. फलाटाशी शिरणारी गाडी नागमोडी दिसते, पण हिसका खात नाही. कागदावर ही जुळणी क्षुल्लक वाटते. सांधे मांडून पाहिल्याशिवाय तिचं मोल कळत नाही.

आणि चालवायला काय असतं? त्यासाठी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनकडे पाहावं. ग्रेट ईस्टर्न रेल्वेला चिंगफर्ड आणि एनफील्डच्या उपनगरी फाट्यांवर गर्दी आवरेना आणि विद्युतीकरणाला पैसे नव्हते. १९२० मध्ये त्यांनी कोळशाच्या लहान इंजिनांवरच गर्दीच्या वेळी तासाला २४ गाड्या काढल्या. प्रवाशांना वर्ग पटकन सापडावा म्हणून डब्यांवर पट्टे रंगवले, पहिल्या वर्गाला पिवळे, दुसऱ्याला निळे. त्या रंगीबेरंगी रूपावरून लोक तिला जॅझ सेवा म्हणू लागले. गाडी आली की तिचं इंजिन बफरपाशी अडकून पडे. म्हणून तोंडाशी आधीच उभं असलेलं दुसरं इंजिन मागच्या टोकाला लागे आणि गाडी घेऊन जाई. सुटलेलं इंजिन पाठोपाठ बाहेर येऊन पुढच्या गाडीची वाट पाही. दोनच रेक आणि तीन इंजिनं घेऊन मिनरीजवर हा खेळ लावला तर चालवणाऱ्याला मान वर करायला फुरसत मिळत नाही.

बांधायला घेणाऱ्याने उलटीकडून सुरुवात करावी. आधी सर्वांत लांब गाडी ठरवायची. ५७ फुटांचा डबा चार मिलिमीटरच्या प्रमाणात २२८ मिलिमीटर होतो. तीन डबे आणि एक लहान इंजिन म्हणजे सव्वाआठशेच्या आसपास. तेवढा फलाट, आणि पडद्यामागे तेवढाच लांब यार्ड. उरेल ती जागा सांध्यांची. बरेच जण आधी सुंदर सांधे मांडतात आणि मग फलाटावर दीड डबा मावतो. लांबीच्या बाबतीत लबाडी करावीच लागते. एक मैल या प्रमाणात २१ मीटर भरतो. खऱ्या मार्गावरचं दहा साखळ्यांचं घट्ट वळण २.६४ मीटर त्रिज्येचं होतं, तर बाजारातल्या तयार तुकड्यांची त्रिज्या ४३८ मिलिमीटर असते. पूल, भिंत, जाहिरातीचे फलक हे सगळे ही लबाडी झाकायलाच असतात. फळीसाठी चांगला प्लायवूड, खालून चौकट, आणि रुळांखाली आवाज मारायला कॉर्क. मुंबईच्या दमट हवेत तर प्लायमध्ये काटकसर करूच नये.

मुंबईचं नाव निघालंच आहे तर चर्चगेट पाहा. फक्त उपनगरी गाड्या, चार फलाट, डोक्यावर इमारत, पुढे बफर. मिनरीजला एक फलाट जोडला की झालं. लोकलला दोन्ही टोकांना चालकाची केबिन असल्याने इंजिन बदलण्याचा खेळ मात्र जातो. बारा डब्यांची लोकल १:८७ मध्ये जवळपास तीन मीटर लांब होते, म्हणजे मिनरीजची अख्खी फळी गिळूनही वर उरते. पण ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेलेली देशातली पहिली विजेची गाडी चार डब्यांचीच होती. ती या प्रमाणात मीटरभरात बसते. उपनगरी फाटा, टुमदार लांबी आणि खरा इतिहास असं एकत्र क्वचितच मिळतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे प्रेक्षक येतात, त्यांच्यासाठी गाड्या फिरत्या ठेवाव्याच लागतात. गोल रुळांची तिथे गरज आहे. घरच्या फळीवर प्रेक्षक नसतो, त्यामुळे गाडी थांबली तरी चालते.

आपल्या गाड्यांचे लेआउट करणाऱ्यांपुढे इंग्रजांचीच अडचण वेगळ्या वाटेने येते. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ मध्ये सव्वाएकोणीस मिलिमीटर. दुकानात मिळतात ते १६.५ चे रूळ. रूळ, सांधे, चाकं सगळं हाताने करायचं किंवा अरुंद रुळांवर रुंद लोकल चालवायची, असे दोनच मार्ग. सांधे स्वतः घडवण्याचा वकूब नसेल तर १६.५ घ्यावेत आणि खडी अंमळ जास्त टाकावी. फलाटाच्या बाजूने पाहताना फरक फारसा जाणवत नाही. माणसांचं गणित मात्र सुटत नाही. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार प्रवासी असतात, आणि दोन सेंटिमीटरची रंगवलेली माणसं नगावर विकत मिळतात. तेव्हा वेळापत्रक रविवारी दुपारचं लावलेलं बरं.