जनुकीय सुधारित पिके आणि लक्ष्येतर सजीव

जनुकीय सुधारित पिकातील नवा गुणधर्म ज्या किडीच्या किंवा तणाच्या नियंत्रणासाठी योजलेला असतो, ती सोडून परिसरातील इतर सर्व सजीवांना लक्ष्येतर सजीव म्हणतात. मधमाश्या, फुलपाखरे, ढालकिडा व क्रायसोपा यांसारखे मित्रकीटक, गांडुळे आणि जलचर यांचा त्यांत समावेश होतो. अशा पिकांना लागवडीची परवानगी देण्यापूर्वी या सजीवांना असलेली जोखीम तपासली जाते.

तत्त्व

जोखीम दोन बाबींवर अवलंबून असते : पदार्थाची घातकता आणि सजीवाचा त्याच्याशी होणारा प्रत्यक्ष संपर्क. यांपैकी एकच बाब मोजून जोखीम ठरवता येत नाही. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूपासून घेतलेल्या जनुकांमुळे बीटी पिकांत क्राय प्रथिने तयार होतात. ती विशिष्ट गटातील कीटकांच्या आतड्यातील ग्राहींना चिकटून परिणाम करतात. क्राय१ गटातील प्रथिने मुख्यतः पतंग व फुलपाखरांच्या अळ्यांना, तर क्राय३ गटातील प्रथिने भुंगेरावर्गीय कीटकांना मारक असतात. त्यामुळे लक्ष्य किडीच्या जवळच्या नात्यातील प्रजातींची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

पद्धत

मूल्यमापन टप्प्याटप्प्याने होते. प्रथम प्रयोगशाळेत निवडक प्रातिनिधिक प्रजातींना शेतात अपेक्षित असलेल्या मात्रेपेक्षा कित्येक पट अधिक प्रथिन दिले जाते. त्यात अपाय न आढळल्यास जोखीम नगण्य मानली जाते. अपाय आढळल्यास किंवा शंका उरल्यास बंदिस्त जागेतील व त्यानंतर शेतातील चाचण्या केल्या जातात. तुलना बिगर-जनुकीय वाणाशी आणि त्यावर प्रचलित असलेल्या कीटकनाशक फवारणीशीही केली जाते.

मोनार्क फुलपाखराचे प्रकरण

मोनार्क फुलपाखराच्या अळ्या रुईच्या कुळातील मिल्कवीड या वनस्पतीवर जगतात. अमेरिकेत ही वनस्पती मक्याच्या शेतांत व बांधांवर उगवते. १९९९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील जॉन लोझी व सहकाऱ्यांनी बीटी मक्याचे परागकण पसरलेली मिल्कवीडची पाने या अळ्यांना प्रयोगशाळेत खाऊ घातली. चार दिवसांत सुमारे ४४ टक्के अळ्या मेल्या. साध्या मक्याचे परागकण दिलेल्या गटात एकही मेली नाही. 'नेचर' या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध होताच जगभर वाद निर्माण झाला.

या प्रयोगाने घातकता दाखवली, परंतु शेतातील संपर्क मोजलेला नव्हता. त्यानंतर अमेरिका व कॅनडातील संशोधकांनी पानांवर पडणाऱ्या परागकणांची घनता आणि परागकण पडण्याचा व अळ्या असण्याचा काळ किती जुळतो हे मोजले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासांनुसार प्रचलित वाणांच्या परागकणांमुळे मोनार्कच्या संख्येला असलेली जोखीम नगण्य होती. 'इव्हेंट १७६' या वाणाचे परागकण मात्र खरोखर घातक आढळले. त्याची लागवड अत्यल्प होती व पुढे ती थांबली.

अप्रत्यक्ष परिणाम

प्रथिनाची विषारिता तपासल्याने सर्व परिणाम समजतात असे नाही. तणनाशक-सहिष्णू मका व सोयाबीनच्या प्रसारानंतर ग्लायफोसेटच्या वापरामुळे अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील शेतांतून मिल्कवीड मोठ्या प्रमाणात नाहीसे झाले. मोनार्कची संख्या घटण्याचे हे एक कारण असल्याचे अनेक संशोधक मानतात; इतर काही संशोधक स्थलांतरातील अडचणी व हवामान यांना अधिक महत्त्व देतात. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेतस्तरीय चाचण्यांत तणनाशक-सहिष्णू बीट व मोहरीवर्गीय तेलबियांच्या शेतांत तणे व फुलपाखरे कमी आढळली, तर मक्याच्या शेतांत तणे अधिक आढळली. हा फरक जनुकामुळे नव्हे, तर तणनाशकाच्या वापरातील बदलामुळे पडला होता.

भारतातील नियमन

भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खालील १९८९ च्या नियमांनुसार जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती अशा पिकांची छाननी करते. २००२ मध्ये बीटी कापसाला लागवडीची परवानगी मिळाली. महाराष्ट्रातील जालना येथील महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याची शिफारस समितीने २००९ मध्ये केली; तथापि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने त्याच्या लागवडीला स्थगिती दिली. भारत हा वांग्याच्या जैवविविधतेचे केंद्र असल्याने स्थानिक वाण व वन्य प्रजातींवरील परिणामांचा मुद्दाही त्या चर्चेत महत्त्वाचा होता.