असीरगडची दारू आणि चलच्चित्र

तापीतीरी, राजघाटाच्या पायऱ्यांशी वसलेले बऱ्हाणपूर हे दक्षिणेचे द्वार मानले जाई. आणि त्या द्वाराची किल्ली म्हणजे शहराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरांवरील असीरगड. या गडाच्या ध्वनिचित्रफिती आता आंतरजालावर पाहावयास मिळतात, आणि इतिहासशिक्षकास त्या वर्गात दाखविण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या आग्नेयास्त्रांचा इतिहास अशा चित्रांत कितपत उतरतो, याचा विचार अवश्य व्हावयास हवा.

१८१९ च्या वेढ्याचेच उदाहरण घ्यावे. शिंद्यांचे किल्लेदार यशवंतराव लाड गड लढवीत होते. डव्हटन व माल्कम यांच्या फौजा खाली होत्या. २१ मार्च रोजी इंग्रजांच्या मोर्चातील दारूचा साठा पेटून त्यांचेच अनेक शिपाई दगावले. ९ एप्रिलला गड स्वाधीन झाला, तेव्हा आत तोफा होत्या, पण दारू जवळजवळ संपलेली होती. म्हणजे दोन्ही पक्षांचे दैव नळीपेक्षा दारूवरच अधिक अवलंबून होते. कॅमेऱ्यास मात्र नळीच तेवढी दिसते!

तोड्याच्या बंदुकीचेही तसेच. दारू ओतावी, गोळी घालावी, गजाने ठासावी, कानाशी रंजक भरावी, तोडा फुंकून लाल करावा, आणि मगच चाप ओढावा. पाऊस आला की तोडा विझे. दोन बारांमधील या अवकाशातच घोडेस्वार शत्रूच्या अंगावर येऊन पडत. मराठ्यांच्या चपळ युद्धपद्धतीचे एक मर्म येथे आहे. चित्रपट नेमका हाच अवकाश कापून टाकतो आणि बारामागून बार दाखवितो. तो पाहून वाढलेल्या विद्यार्थ्यास तलवार व भाला इतकी वर्षे का टिकले, हे कसे उमगावे?

निर्मात्यांचीही अडचण खरी आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम जी जुनी हत्यारे मोकळी सोडतो, ती दुरुस्त करूनही उडू शकणार नाहीत अशीच असावी लागतात. दारूगोळा बनविण्याची कृती दाखविण्यास यूट्यूबच्या नियमांत मनाई आहे, आणि ती योग्यच म्हटली पाहिजे. पण बार न उडविताही, लाकडी नमुना हाती घेऊन, ठासणीची संपूर्ण क्रिया न कापता दाखविता येईल. त्यास दारू लागत नाही, परवानाही लागत नाही. पाहणाऱ्यास थोडा कंटाळा येईल, आणि तो यावा.