कोयनेचे दुसरे मुख



शाळेत आपण कोयना ही कृष्णेची उपनदी म्हणून शिकलो. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम, सह्याद्रीला समांतर दक्षिणेकडे हेळवाकपर्यंत वाट, तिथे पूर्वेला वळण आणि कऱ्हाडला प्रीतिसंगम. हे वर्णन खोटे नाही, पण १९६२ पासून ते अपुरे आहे. त्या वर्षी वीजनिर्मिती सुरू झाली आणि कोयनेचे बरेचसे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडू लागले. पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरून ते वाशिष्ठीला मिळते आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात जाते. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या नदीला माणसाने दुसरे मुख दिले.

कारण उताराचे आहे. देशाच्या बाजूला नदी संथ उतरते. कोकणच्या बाजूला थोड्या अंतरात सुमारे पावणेपाचशे मीटरची उंची मिळते. पाणी तेच, पण जितके उंचावरून पडेल तितकी वीज अधिक. हे गणित कोयनेपूर्वीचे. टाटांनी लोणावळ्याकडचे पाणी खोपोलीला उतरवून १९१५ साली मुंबईला वीज दिली. पुढे मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. धरण मात्र झालेच. कोयनेची पहिली पाहणीही टाटांचीच. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्य सरकारने ती योजना हाती घेतली. १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि त्यामागे शिवसागर जलाशय पसरला.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. दख्खनचे पठार तोवर स्थिर मानले जाई. जलाशयाच्या पाण्याने भूकंप होऊ शकतो का, या प्रश्नाकडे जगाचे लक्ष गेले. त्याच्या अभ्यासाचे एक मोठे केंद्र आपल्याच शहरात आहे, उप्पल रस्त्यावरची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जलाशयाची पातळी आणि धक्के यांचा संबंध वर्षानुवर्षे तपासला. खडकाच्या भेगांत पाणी मुरून दाब वाढतो आणि आधीच ताणलेला खडक सरकतो, असे त्याचे थोडक्यात स्पष्टीकरण आहे.

पश्चिमेला गेलेले पाणी खालच्या राज्यांना मिळत नाही, म्हणून त्याचाही हिशेब झाला. १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने १९७३ च्या निवाड्यात कृष्णेचे पाणी तीन राज्यांत वाटले. कोयनेतून खोऱ्याबाहेर नेण्याच्या पाण्याला टप्प्याटप्प्याने वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. त्या वाटपाशी आपलाही संबंध आहे. २००४ पासून नागार्जुनसागरातून कृष्णेचे पाणी हैदराबादच्या नळांना येते.

म्हणजे विजेची वही आहे, पाण्याची आहे, भूकंपाचीही आहे. माणसांची वही मात्र अर्धवट राहिली. जलाशयाखाली गेलेल्या गावांतली कुटुंबे रायगड, ठाणे, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत विखुरली. २०१८ साली प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला तेव्हा धरण होऊन अर्धशतक उलटले होते, आणि मागण्यांमध्ये पर्यायी जमीन होतीच. एक गाव चार ठिकाणी वाटले गेले की त्याची जत्रा, शिवारांची नावे, पाणवठ्याचे वाद, सगळे बोलण्यातून हळूहळू जाते. सरकारी दप्तरात सर्व्हे नंबर राहतो, पण शेताला घरात काय म्हणत ते राहत नाही.

ज्यांनी विशीत ती घरे सोडली, ते आज ऐंशीच्या पुढे आहेत. ही नोंद अभियंता करणार नाही, लवादही करणार नाही. ते त्यांचे कामच नव्हे. ती नावे मराठीत आहेत, म्हणून ती टिपून ठेवणे मराठी साहित्यसंस्थांचे काम आहे. आपण कृष्णेच्या खालच्या अंगाला राहतो. कऱ्हाडहून येणाऱ्या पाण्याकडे आपले लक्ष असतेच. जे पाणी आणि जी माणसे इकडे आलीच नाहीत, त्यांची विचारपूस करायला अजून थोडी वर्षे हातात आहेत.